एकोणसत्तर सतरा

"अब्बा, तुम्ही शेळी कधी घेतली?"

अलिजाने हे विचारलं तेव्हा आयुब मास्तर ओसरीवर बसून बुटांना पॉलिश करत होते. सत्काराला तीन दिवस होते, पण बूट तयार ठेवायला काय हरकत आहे, असा त्यांचा विचार.

"कसली शेळी?"

"ही बघा की. तुमच्या गाडीवर बसलीय."

आयुब सौदागर मास्तर बेंबळीच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं गणित शिकवत होते आणि त्याच्या जोडीला, कुणी सांगितलं नसताना, गाड्यांचे नंबरही शिकवत होते. एमएच म्हणजे महाराष्ट्र, पंचवीस म्हणजे आपला धाराशिव. तेरा सोलापूर, चोवीस लातूर, तेवीस बीड. केए अडतीस दिसलं की बिदरचा पाहुणा समजावा. पुढची अक्षरं ए, बी, सी अशी क्रमानं चालतात, पण त्यांत आय आणि ओ कधी येत नाहीत. का येत नाहीत? सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून!" पिवळी पाटी भाड्याची, हिरवी पाटी बॅटरीची, पांढरी पाटी घरची. बेंबळीच्या पोरांना पाढे येत नसत, पण रस्त्यावरच्या ट्रकचं गाव सांगता यायचं.

घरच्यांना या नादाचा कंटाळा आला होता. सासऱ्यांच्या मयतीला मास्तर दारात उभे राहून गाड्या मोजत होते आणि मेहुण्याच्या कानात सांगत होते, "लातूरच्या चार आल्या, सोलापूरच्या दोन, बिदरचं अजून कुणी न्हाय." हुसेनबीने, म्हणजे त्यांच्या बायकोने, ती गोष्ट आजवर माफ केलेली नव्हती.

तर असे हे मास्तर. हेल्मेट घातल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर काढायचे नाहीत. शेताच्या बांधावरून जातानाही वळण आलं की हात दाखवायचे. नवी हाय सिक्युरिटी पाटी बसवायचा हुकूम आला, तेव्हा गावात सगळ्यांत आधी धाराशिवला जाऊन ती बसवून आले ते हेच. त्याला आता तीन महिने झाले होते. आणि या जानेवारीत, रस्ता सुरक्षा अभियानात, जिल्ह्याचा 'आदर्श वाहनचालक' म्हणून त्यांचं नाव पुढं गेलं होतं. फक्त एक कागद राहिला होता. आपल्या गाडीवर एकही चालान नाही, याची छापील प्रत अर्जाला जोडायची होती. ती काढायला अलिजा मोबाइल घेऊन बसली होती.

मास्तरांनी चष्मा लावून मोबाइलमध्ये पाहिलं. नळदुर्गचा चौक. पाठीमागून काढलेला फोटो. काळी गाडी, लाल पट्टा. चालवणारा चांगला दांडगा, डोक्याला हेल्मेट नाही. त्याच्या मागं हिरव्या लुगड्यातली बाई, तिच्याही मागं कुणी म्हातारा, आणि बाईच्या खांद्यावरून एक शेळी थेट कॅमेऱ्याकडे बघत होती. फोटो काढणार हे त्या चौघांत फक्त तिला कळलेलं दिसत होतं. खाली पाटी लख्ख होती. एमएच पंचवीस आणि शेवटी एकोणसत्तर सतरा.

"हा तर माझा नंबर!" मास्तरांचा आवाज चिरकला.

पिठाचे हात घेऊन हुसेनबी बाहेर आल्या. त्यांनी मोबाइल लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. बाईचा विषय निघणार, हे त्यांनी ताडलं.

"हे बघ, ही बाई कोण हे मला खरंच..."

"बाईचं मागनं बघू," हुसेनबी म्हणाल्या. "आधी सांगा, शेळी कुठं बांधलीय?"

"अगं, माझी शेळी न्हाय ती!"

"मग गाडी तुमची, न् शेळी तिची व्हय? म्हणजे तिच्या घरी बांधली."

"अम्मी, थांब जरा," अलिजा म्हणाली. "अजून दहा हायत."

दहा चालानं, दहा फोटो. दुसऱ्या फोटोत मास्तर एकदम बारीक झाले होते. तिसऱ्यात त्यांच्या टकलावर दाट केस आले होते आणि ते एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने फोनवर बोलत होते. चौथ्यात तुळजापूरच्या रस्त्यावर उलट्या दिशेने निघाले होते. सातव्यात मागं बसलेल्या माणसाच्या डोक्यावर लोखंडी पाळणा होता. नवव्यात ते चक्क पिवळा फेटा बांधून, गळ्यात हार घालून नवरदेव झाले होते.

हुसेनबींनी सगळे फोटो शांतपणे पाहिले. "आवो, यातले तुम्ही कोण?"

"यातला मी कुणीच न्हाय!"

"मग गाडी भाड्यानं देता काय? तशी पाटी तर पिवळी लागती म्हणं. तुमीच शिकवलंय."

चालानाचे निरोप आधी का आले नाहीत, तेही अलिजाने शोधून काढलं. गाडीला जोडलेला मोबाइल नंबर मास्तरांनी चार वर्षांपूर्वी बंद केलेला होता. सगळ्या जगाचे नंबर पाठ असलेल्या माणसाने स्वतःचा नंबर बदलल्याचं कळवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर परिवहन कार्यालयात मोनिका मॅडमसमोर उभे होते. मोनिका मॅडम निरीक्षक होत्या. सत्काराचा कार्यक्रम त्यांच्याकडेच होता. मास्तरांचं नाव त्यांनीच सुचवलेलं. त्यांनी अकरा फोटो पाहिले आणि बारावा आहे का ते विचारलं.

"मॅडम, कुणीतरी माझ्या पाटीची नक्कल केलीय," मास्तर म्हणाले.

"सर, या पाटीची नक्कल होत नाही. तुम्हीच तर मागच्या महिन्यात इथं भाषणात सांगितलंत. कोपऱ्यात चकाकणारं अशोकचक्र, लेझरनं कोरलेला नंबर, एकदा बसवली की कुलूप फोडल्याशिवाय निघत नाही. चाळीस मिनिटं बोलला होतात."

"व्हय, बोललो होतो."

"मग पाटी खोटी असू शकत नाही. म्हणजे आता माणूसच..." मॅडमनी वाक्य अर्धवट सोडलं. मास्तरांचा चेहरा त्यांना बघवेना. "चला, गाडी दाखवा."

गाडी बाहेर निंबाखाली उभी होती. मॅडमनी पुढची लांबट पाटी वाचली. एकोणसत्तर सतरा, बरोबर. मग त्या गाडीच्या मागं गेल्या आणि खाली वाकल्या. बराच वेळ वर आल्याच नाहीत. मास्तरांना वाटलं, चक्कर आली की काय.

"सर," मॅडम उठल्या तेव्हा त्यांनी रुमाल तोंडावर धरला होता, "येताना तुम्ही आयुब सौदागर असता. पण जाताना कोण असता?"

मास्तर मागं धावले. मागच्या पाटीवर, चकाकणाऱ्या अशोकचक्राखाली, ठसठशीत उठावाच्या आकड्यांत लिहिलं होतं: एकोणसत्तर एकाहत्तर.

ज्या दिवशी मास्तरांनी पाटी बसवली, त्या दिवशी ओळीत दुसरीही एक काळी, लाल पट्ट्याची गाडी असणार. एक ६९१७, एक ६९७१. बसवणाऱ्याने पुढच्या पाट्या नीट बसवल्या आणि मागची मात्र एकीची दुसरीला लावून टाकली. आणि गेले तीन महिने मास्तर साऱ्या जिल्ह्याच्या पाट्या वाचत हिंडत होते, पण स्वतःची मागची पाटी वाचायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. कॅमेरे मात्र मागूनच फोटो काढतात.

"मग ती बदलून टाकू की लगेच," मास्तर म्हणाले.

"असं करता येत नाही. कुलूप फोडायला कारण लागतं, दोन्ही गाड्या एका जागी लागतात, दोघांचे कागद लागतात. दुसरा मालक घेऊन या, मी पत्र देते."

"दुसरा मालक कोण?"

मॅडमनी संगणकावर नंबर टाकला. नियमाप्रमाणे मालकाचं नाव झाकलेलं होतं. एखादं अक्षर आणि बाकी सगळ्या चांदण्याच चांदण्या. "मला नाव सांगता येणार नाही," मॅडम म्हणाल्या. मग त्यांनी आपल्या अधिकारात पूर्ण नोंद उघडली, तिच्यातला फोन फिरवला आणि टेबलावर ठेवून मोठ्यानं विचारलं, "सास्तूरचे महालिंगप्पा हत्तरगे का?" मास्तरांनी नियमाचा मान राखून दुसरीकडे बघत बघत नाव लिहून घेतलं.

फोनवर बाई होती. "मालक गाडीवर गेलेत. फोन घरीच इसरलेत. मी नीलम्मा बोलते. कोण हवं तुमाला? आज गाडी रिकामी न्हाय, आधीच दोघांनी सांगून ठेवलंय."

मॅडमनी आणि मास्तरांनी एकमेकांकडे पाहिलं.

आता पेच असा पडला की, ही गाडी चालवत न्यायला मास्तर तयार होईनात. चुकीची पाटी लावून गाडी चालवणं हा गुन्हा, आणि आता तो त्यांना माहीत झालेला. मॅडम म्हणाल्या, "सर, तीन महिने चालवलीत, अजून एक दिवस चालवा." मास्तर म्हणाले, "तीन महिने अज्ञान होतं." शेवटी त्यांनी ओळखीचा एक छोटा टेम्पो बोलावला आणि गाडी त्यात आडवी घातली. वाटेत बेंबळीला थांबले, तेव्हा हुसेनबी पदर खोचून तयार होत्या.

"तू कशाला?"

"त्या बाईला न् त्या शेळीला डोळ्यांनी बघितल्याशिवाय माझ्या मनाचं समाधान व्हायचं न्हाय."

टेम्पो निघाला. ज्या ज्या गावात थांबला तिथं लोक मागं डोकावून विचारायचे, "मास्तर, गाडीला काय झालं? कुठल्या दवाखान्यात?" मास्तर म्हणायचे, "पाठीचं दुखणं हाय."

सास्तूरला महालिंगप्पांचं घर विचारावं लागलं नाही. भूकंपानंतर आखलेल्या सरळ रस्त्यावर, एका दारासमोर काळी गाडी उभी होती. तिच्या मागच्या पाटीवर विभूतीचे तीन पट्टे ओढलेले होते, वर हळदकुंकू, आणि पाटीच्या दोन्ही बाजूंना झेंडूची फुलं खोचलेली. शेजारी खुंट्याला शेळी बांधलेली होती.

"हीच ती," हुसेनबी म्हणाल्या. त्यांनी शेळीला फोटोवरून ओळखलं होतं.

महालिंगप्पा बाहेर आले. देह दांडगा, कपाळभर विभूती, तोंडभर हसू. मास्तरांनी सगळी हकीकत सांगितली. अकरा फोटो दाखवले. दोन्ही गाड्यांच्या पाट्या मागून पुढून वाचून दाखवल्या. महालिंगप्पा ऐकत गेले तसतसे त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"म्हंजी हे असं हाय व्हय!" त्यांनी मांडीवर थाप मारली. "नीलम्मा, बाहेर ये! बघ, देवानं माणूस धाडलाय!"

नीलम्मा आल्या. लुगडं हिरवंच होतं.

"मास्तर, काय सांगू तुमाला," महालिंगप्पा म्हणाले. "आधी मला दर महिन्याला चालान. कधी हेल्मेट, कधी टिबलशीट. कधी तीन तीन सुद्धा. नवी पाटी बसवली न् बंद! तीन महिने झाले, एक न्हाय! म्या म्हटलं, या पाटीत काय तरी शक्ती हाय. मग म्या हेल्मेटच काढून टाकलं. चौकात पोलिसासमोरनं तिघं बसून गेलो, त्यानं फोटो काढला, तरी चालान न्हाय! गावात समद्यांना सांगितलं. आता कुणाला नळदुर्गला जायचं, कुणाला तुळजापूरला जायचं, तर माझी गाडी मागतेत. परवा आमच्या वाड्यावरचा नवरदेव घोड्यावर बसायचा सोडून हिच्यावर बसला. चंपीला जनावरांच्या डॉक्टरकडं नेली ती हिच्यावरच, न् चंपी बरी झाली!"

खुंट्याला बांधलेल्या चंपीने मान हलवली.

"ते सगळं माझ्या नावावर आलंय," मास्तर कळवळून म्हणाले. "परवा माझा सत्कार हाय, महालिंगप्पा. आदर्श वाहनचालक म्हणून. न् माझ्या गाडीवर अकरा चालानं हायत. उद्या धाराशिवला चला, पाट्या बदलून घेऊ."

महालिंगप्पांचं हसू मावळलं. त्यांनी पाटीवरून मायेने हात फिरवला.

"ते मातर जमायचं न्हाय."

"का न्हाय?"

"मला लाभलीय ही. मास्तर, तुमी देवमाणूस. तुमची पाटी माझ्या मागं हाय म्हणून तर माझं चांगलं चाललंय. तुमच्याकडं माझी हाय ना? असू द्या की. तुमी कधी काय चुकत न्हाय, मग तुमच्याकडनं मला काय यायचं न्हाय. एवढा चांगला हिशोब कोण मोडतंय?"

मास्तरांनी समजावलं, कायदा सांगितला, कलमं सांगितली. महालिंगप्पा प्रत्येक कलमाला "व्हय, खरं हाय" म्हणत आणि शेवटी "पन जमायचं न्हाय" म्हणत.

इकडे आत हुसेनबी आणि नीलम्मा यांचा चहा होऊन दुसरा चहा चढला होता. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, असं कानडीत म्हणून नीलम्मांनी त्यांना पाटावर बसवलं होतं आणि शेळीवरून सुरू झालेलं बोलणं नवऱ्यांवर आलं होतं. नीलम्मांना ती गाडी नकोशी झाली होती. रोज उठून कुणीतरी दारात, "वहिनी, गाडी हाय का?" घरचा माणूस घरी नाही, गाडी घरी नाही, आणि पाटीच्या पूजेची फुलं कुणी आणायची तर नीलम्मांनी.

"तुमचे मालक एकदा तरी चुकले का वो?" नीलम्मांनी विचारलं.

"कुठं? रिकाम्या रस्त्याला बी हात दाखवतेत."

"मग आज चुकायला सांगा. त्यांच्या मागं आमचा नंबर हाय. एक चालान आमच्या घरी येऊ द्या, मग बघा कसे ताळ्यावर येतात."

हुसेनबींचे डोळे चमकले. त्या बाहेर आल्या. "गाडी उतरवा टेम्पोतनं," त्या मास्तरांना म्हणाल्या. "चौकात पोलीस उभा हाय. येताना म्या बघितलाय."

"मग?"

"हेल्मेट काढा."

मास्तरांना कुणी तरी नमाज चुकवा म्हटल्यासारखं झालं. "मला जमायचं न्हाय. अगं, हात वळायचा न्हाय माझा."

महालिंगप्पा पोट धरून हसायला लागले. "मास्तर? न् नियम मोडणार? अहो, शेळी वाघ खाईल एक वेळ!"

मास्तरांना आयुष्यात कुणी 'तुम्हाला जमणार नाही' म्हटलेलं सहन झालेलं नव्हतं, मग ते अवघड गणित असो. त्यांनी हेल्मेट काढलं. टेम्पोवाल्याने गाडी खाली घेतली. मास्तर बसले, मागं हुसेनबी बसल्या, त्यांच्या मागं नीलम्मा बसल्या आणि नीलम्मांनी चंपीला मांडीवर घेतलं. "होगोण! चला!" नीलम्मा ओरडल्या. गाडी डुलत डुलत निघाली. पहिल्या वळणावर सवयीने मास्तरांचा हात वर गेला. हुसेनबींनी तो खाली ओढला.

"थांबा, म्या बी येतो!" महालिंगप्पांना ही गंमत सोडवेना. आपली गाडी काढून, एका हातात फोन धरून व्हिडिओ काढत ते मागून निघाले.

चौकात शिवानंद हवालदार ड्युटीवर होते. अभियान चालू असल्यामुळं त्यांना हातात भोंगा दिलेला होता. मास्तरांनी गाडी उजव्या बाजूने, उलट्या दिशेने चौकात घातली. हॉर्न वाजवला. घामाने डबडबून त्यांनी हवालदाराच्या डोळ्यात डोळे घातले आणि वाट पाहिली.

हवालदारांनी भोंगा खाली घेतला. त्यांचा चेहरा उजळला. "मास्तर! तुम्ही? म्या शिवानंद! बेंबळीला मामाकडं शिकायला होतो, सातवी ब! तुम्ही मला नंबर शिकवलेत म्हणून तर म्या पोलिसात आलो!" त्यांनी गाडीवरच्या मंडळींकडे पाहिलं, चंपीकडे पाहिलं, आणि मग त्यांना सगळं समजलं. म्हणजे असं त्यांना वाटलं. त्यांनी भोंगा तोंडाला लावला.

"मंडळी, इकडं लक्ष द्या! रस्त्यावर काय काय करू नये, ते स्वतः आयुब मास्तर करून दाखवतायत! एक, हेल्मेट न्हाय. दोन, तिघं जण. तीन, उलटी दिशा. चार, जनावर. मास्तर, अजून एकदा फिरून या, मागच्यांना दिसलं न्हाय!"

"शिवानंद, अरे चालान कर माझं!" मास्तर ओरडले.

"बघा मंडळी, चूक झाली तर चालान मागून घ्यायचं, हे बी दाखवतायत! टाळ्या!"

चौकात टाळ्यांचा कडकडाट झाला. टपरीवरचे लोक उठून आले. मास्तरांनी चिडून अजून एक फेरी मारली, दोन्ही पाय हवेत पसरले, सिग्नल नव्हता तरी मोडल्यासारखं केलं. जितकं वाईट चालवावं तितकी टाळी वाढत होती. कुणी म्हणालं, "काय शिकवतेत हो मास्तर!" चंपी ओरडली, तिलाही टाळी मिळाली. हुसेनबींना हसू आवरेना, त्यांनी मास्तरांच्या पाठीत तोंड लपवलं.

तेवढ्यात समोरून महालिंगप्पा आले. एका हाताने गाडी, दुसऱ्या हातात फोन, नजर फोनमध्ये, तोंडभर हसू. शिवानंद हवालदार खरे शिष्य होते. प्रात्यक्षिक कोणतं आणि गुन्हा कोणता, एवढा फरक त्यांना कळत होता. त्यांनी मशीन उचललं आणि समोरून येणाऱ्या महालिंगप्पांचा समोरूनच फोटो काढला. पुढच्या पाटीसकट.

महालिंगप्पा हसत हसत पुढं गेले. "काढ बाबा, काढ! लागत न्हाय मला!"

आणि त्यांच्या हातातला फोन टिंग वाजला.

त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. गाडी बाजूला घेऊन उतरले आणि नीलम्मांना हाक मारली, तेव्हा त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "नीलम्मा, आलं. माझ्याच नावानं आलं."

"पुढची पाटी तुमचीच हाय की!" मास्तर गाडीवरून उतरत म्हणाले. "पाठ माझी हाय, तोंड तुमचं हाय!"

महालिंगप्पांनी गाडीकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, भरवशाच्या बैलाने लाथ मारावी तसा भाव होता. "शक्ती गेली तिची," ते म्हणाले. "चला मास्तर, कुठं यायचं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी मोनिका मॅडमचं पत्र घेऊन दोघे पाट्या बसवण्याच्या केंद्रावर गेले. कुलपं फोडली, पाट्या बदलल्या, नवी कुलपं बसली. मास्तरांनी स्वतःची मागची पाटी अकरा वेळा वाचली, प्रत्येक चालानामागं एक. मग ते मॅडमकडे गेले.

"सर, एक वाईट बातमी आहे," मॅडम म्हणाल्या. "चालानं तुमच्या नावावरून काढायला अर्ज केलाय, पण त्याला वेळ लागेल. सत्काराची यादी वरून संगणकानं तपासून आली. तुमचं नाव गेलं. मी फोन केले, पण आता पत्रिका छापून झाल्या." त्यांनी मान खाली घातली. "तरी तुम्ही या. पुढच्या रांगेत बसा."

मास्तर "बरं" म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी पॉलिश केलेले बूट कागदात गुंडाळून ठेवले. हुसेनबींनी ते परत काढले, पदराने पुसले आणि दारात ठेवले. "जायचं," त्या म्हणाल्या. "त्यांचं चालान होतं, तुमचं थोडंच हाय?"

कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. मास्तर, हुसेनबी आणि अलिजा पुढच्या रांगेत बसले. शेजारच्या खुर्च्यांवर महालिंगप्पा आणि नीलम्मा येऊन बसले, तेव्हा मास्तर चकित झाले.

"तुम्ही कसे?"

"वरच्या ऑफिसातनं फोन आला, कार्यक्रमाला हजर राहा म्हणून," महालिंगप्पा कुजबुजले.  "समद्यांसमोर शिक्षा करतेत वाटतं."

भाषणं झाली. मग निवेदकाने वरून आलेलं बंद पाकीट फोडून कागद उघडला. "यंदाचा आदर्श वाहनचालक! या सद्गृहस्थांना गेल्या वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांत तेवीस वेळा चालान झालं होतं. जिल्ह्यात सर्वाधिक! आणि नंतरच्या तीन महिन्यांत? एकही नाही! जिल्ह्यात एवढी सुधारणा दुसऱ्या कोणत्याही चालकात झालेली नाही. जोरदार टाळ्या, श्री. महालिंगप्पा हत्तरगे, सास्तूर!"

व्यासपीठाच्या कडेला उभ्या असलेल्या मोनिका मॅडमच्या हातातून फाइल निसटली. परवाचं सास्तूरच्या चौकातलं चालान यादी तयार झाल्यानंतरचं होतं. ते संगणकाच्या हिशोबात नव्हतं. मास्तर खुर्चीवरून अर्धे उठले. खरं काय ते सांगणं त्यांचं कर्तव्यच होतं. हुसेनबींनी त्यांचा सदरा धरून खाली बसवलं.

महालिंगप्पांना ढकलतच वर नेलं. शाल पांघरली, नारळ दिला, हार घातला. पाहुण्यांनी त्यांच्यासमोर माइक धरला. "सांगा महालिंगप्पा, एवढा बदल कसा घडला? याचं रहस्य काय?"

महालिंगप्पांनी खाली पाहिलं. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. नियम मोडायचा होता, ती गोष्ट वेगळी. त्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं.

"रहस्य काय न्हाय साहेब. तीन महिने माझ्या मागं आयुब मास्तर होते. ते मागं होते म्हणून माझं निभावलं. परवा तोंडावर आलं, तेव्हा माझं मलाच भोगावं लागलं."

 सभागृहात असा कडकडाट झाला की पाहुण्यांना डोळे पुसावे लागले. "वा! गुरू असावा तर असा! मास्तर, वर या, वर या!"

मास्तरांना वर नेलं. महालिंगप्पांनी आपल्या शालीचं एक टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं. माइक मास्तरांच्या समोर आला. एरवी चाळीस मिनिटं बोलणाऱ्या मास्तरांनी घसा साफ केला. खोटं बोलायचं नव्हतं, आणि शाल उबदार होती.

"महालिंगप्पांच्या मागं मी होतो, हे खरं आहे," ते म्हणाले. "पण तेवढे तीन महिने माझ्याही मागं महालिंगप्पाच होते."

लोक उभं राहून टाळ्या वाजवू लागले. फक्त मोनिका मॅडम तेवढ्या पडद्याआड गेल्या, आणि पडदा बराच वेळ हलत राहिला.